‘वेधशाळेच्या वह्या खोट्या’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

उन्हाळा तापला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. एक सोसायटीचा, एक शाळेच्या बॅचचा आणि तिसरा चक्क निवृत्त इंजिनीअरांचा. तिसऱ्या ठिकाणी आला तेव्हा मात्र राहवलं नाही. मजकूर लांबलचक आहे, पण सार एवढंच:

“हवामान खात्याच्या शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदी म्हणजे इंग्रजांच्या काळात कुणा शिपायाने अंदाजे टाकलेले आकडे. आजही खरं तापमान दडवतात. मोबाइल ४४ दाखवतो तेव्हा वेधशाळा ३८ सांगते, कारण ४० च्या वर गेलं की सुट्टी द्यावी लागते. २६ जुलै २००५ ला मुंबईत म्हणे ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्यात ७३. आणि सरकारी वहीत तर तारीखच २७! यंत्रं बदलली, जागा बदलल्या, फॅरनहाइटचं सेल्सिअस झालं, मग कसली तुलना करता? पावसाची सरासरीही गुपचूप खाली आणली. आता उपग्रह आहेत, या पेट्या मोडीत काढा.” खाली ‘जागे व्हा’ आणि जोडलेल्या हातांच्या चार खुणा.

सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण यातले बरेच आकडे खरे आहेत. ९४४ खरं, ७३ खरं, २७ तारीखही खरी. त्यामुळे मेसेज पचतो. एकेक घेऊ.

“कुणा शिपायाने अंदाजे टाकलेले आकडे”

मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली. आकाशातले वेध घेणं आणि बंदरातल्या जहाजांसाठी वेळ अचूक ठेवणं, हे तिचं मूळ काम. हवामानाच्या आणि भूचुंबकत्वाच्या नियमित नोंदी तिथे १८४१ पासून सुरू झाल्या. त्या सुरुवातीच्या काळात एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे होते. आपले केरूनाना. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा कुलाब्यात लागला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता आणि पुढे जवळपास दहा वर्षं त्याने तिथे काढली. नंतर डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. ज्यांना ‘शिपाई’ म्हणून उडवून लावायचं त्यांच्यात कोण बसलं होतं, ते आधी बघून घ्या. १८९६ मध्ये याच वेधशाळेच्या संचालकपदावर नानाभाई फ्रामजी मूस आले, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय.

आता काम कसं होत होतं त्याचा एक नमुना. सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या दोन दिवसांत सूर्यावरच्या एका प्रचंड स्फोटाचा तडाखा पृथ्वीला बसला. कुलाब्यात तेव्हा चुंबकसूचीची वाचनं एरवी तासातासाने घेत. सूची बहकायला लागल्यावर तिथल्या निरीक्षकांनी तासाची वाट पाहिली नाही. दर १५ मिनिटांनी, मध्ये तर दर ५ मिनिटांनी वाचन घेत राहिले. त्यांना हे कशामुळे होतंय याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. वादळ आलंय, लिहून ठेवा, एवढंच. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या १८५९ च्या वादळाची तीव्रता ठरवायला घेतली तेव्हा त्यांच्या हाताशी आली ती कुलाब्याची नोंद: चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घट. आजचे उपग्रह आणि वीजवाहिन्या असं वादळ सोसतील का, ही चर्चा जगभर चालते, तेव्हा कुलाब्यातल्या त्या वाचनांचा उल्लेख झाल्याशिवाय राहत नाही. अंदाजे टाकलेल्या आकड्यांना १४४ वर्षांनी कुणी विचारत नाही.

हे चुंबकत्वाचं झालं, तापमानाचं काय, असं कुणी म्हणेल. तीच वास्तू, तीच माणसं, तीच शिस्त.

आणि शिस्त म्हणजे काय, हे मला एका चुकीमुळे कळलं. कॉलेजात असताना मी दोन पावसाळे एका शेतकी आवारातला पर्जन्यमापक सांभाळत होतो. काम किरकोळ: सकाळी बरोबर साडेआठला जायचं, नरसाळं काढायचं, बाटलीतलं पाणी मापनपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून खालची वक्ररेषा वाचायची, लिहायचं. एका सकाळी मी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचलो. पाऊस धो धो चालू. ५३ मिलिमीटर भरलं. वेळेच्या रकान्यात मी बिनदिक्कत ८.३० लिहिलं. चाळीस मिनिटांनी काय फरक पडतो!

पडतो. शेजारी आपोआप नोंद करणारं दुसरं यंत्र होतं. ढोलावर गुंडाळलेला आलेख, पाऊस पडेल तशी वर चढणारी लेखणी. दहा मिलिमीटर भरले की वक्रनळीतून पाणी एका दमात निघून जातं आणि लेखणी खाली येऊन पुन्हा चढायला लागते. आमच्या सरांनी आलेख उतरवला, साडेआठच्या रेघेवर बोट ठेवलं आणि दात मोजावेत तसे चढ मोजले. बेरीज आली ४१.

“खोडरबर वापरलास कुठे?”

“नाही सर.”

“मग बरं आहे. त्या ५३ वर एकच रेघ मार. आकडा वाचता आला पाहिजे. वर ४१ लिही, शेऱ्यात खरी वेळ लिही, सही कर.”

मी सही केली. ते पान अजून कुठे असेल तर माझा खोटेपणा, त्याची दुरुस्ती आणि दुरुस्तीचं कारण, तिन्ही त्यावर आहेत. खाडाखोड दिसली की मेसेजवाल्यांना पुरावा सापडल्याचा आनंद होतो. मला उलट एकही रेघ न मारलेली वही दिसली की धास्ती वाटते. माणसं चुकतातच, मग या वहीतल्या चुका गेल्या कुठे?

“मोबाइल ४४, वेधशाळा ३८”

मोबाइल तापमान मोजत नाही. त्यात हवेचा तापमापकच नसतो. ॲपवर येतो तो संगणकी प्रारूपातून काढलेला, काही किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज. त्यातही ठळक अक्षरांत कधी कधी ‘जाणवणारं तापमान’ असतं. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली की ते ४३-४४ च्या घरात जातं. अंगाची लाही होते हे खरंच, पण तो हवेचा पारा नव्हे. गाडीतला आकडा आणखी वेगळा. त्याचा संवेदक, म्हणजे सेन्सर, बंपरजवळ, तापलेल्या डांबरापासून हातभर उंचीवर, सिग्नलला उभं राहिलं की इंजिनची धग खात असतो.

वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या, दुहेरी झडपांच्या लाकडी पेटीत असतो. ही पेटी काढली थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनीअरने, एकोणिसाव्या शतकात. गवतावर, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच. वारा आरपार जातो, ऊन आत येत नाही. आपल्याकडे पेटीचं दार उत्तरेला उघडतं, म्हणजे वाचन घ्यायला ते उघडलं तरी ऊन थेट पाऱ्यावर पडू नये. सावलीतल्या हवेचं तापमान मोजायचं, हे जगभर ठरलेलं आहे. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं तापमान सांगतच नाही. तो स्वतः किती तापलाय ते सांगतो. काळा असेल तर आणखी.

बरं, सुट्टीचं. अमुक अंश झाले की सक्तीची सुट्टी, असा देशव्यापी कायदा नाही. आणि उष्णतेची लाट जाहीर करायचा निकष किनारपट्टीवर ४० नाहीच. तिथे कमाल तापमान ३७ किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असलं की लाट. म्हणजे मुंबईत लपवालपवी करायचीच तर ती ३७ पाशी करायला हवी, ३९.९ वर थांबून काय साधणार? शिवाय ४० च्या वरचे आकडे छापलेलेच आहेत. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ ला ४२.२. अलीकडचं हवं तर २५ मार्च २०१८ ला ४१.

उलटा किस्साही आहे, तो मेसेजवाले सोयीस्कर विसरतात. मे २०२४ च्या शेवटी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवलं आणि दुसऱ्याच दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६! वाहिन्यांनी ‘देशातला उच्चांक’ म्हणून पट्ट्या चालवल्या. राजस्थानातल्या फलोदीचा १९ मे २०१६ चा ५१ अंशांचा विक्रम मोडला म्हणून. पण नागपुरात सोनेगावच्या वेधशाळेतला तापमापक तेव्हा पंचेचाळीसच्या आतबाहेर होता. ५६ संवेदकाच्या बिघाडाचं निघालं. मुंगेशपूरच्या संवेदकाची तपासणी झाली, तो सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता. इथे नव्या चकचकीत यंत्राची लबाडी पकडली ती शेजारच्या जुन्या पद्धतीच्या वाचनांनी. त्याच पेट्या मोडीत काढायला निघालाय मेसेज.

“९४४ आणि ७३, एकाच शहरात?”

हो. ज्यांनी तो दिवस मुंबईत काढला त्यांना विचारा. दक्षिण मुंबईत ऑफिसातून निघालेल्यांना कुर्ला-कलिना पाण्याखाली गेल्याचा पत्ताच नव्हता. लोकल दादरच्या पुढे जाईनात तेव्हा कळायला लागलं. ७३ कुलाब्याचे, ९४४ सांताक्रूझचे, आणि दोन्हींमधलं अंतर वीस-बावीस किलोमीटर. त्या दुपारी उंचच उंच ढग उपनगरांवर जणू ठाण मांडून बसले. अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला सुमारे १९० मिलिमीटर पडला. पाऊस काही शहराच्या हद्दीत समान वाटून पडत नाही. एका गल्लीत पागोळ्या आणि पुढच्या गल्लीत कोरडा रस्ता, हे आपण दर जूनमध्ये बघतो. इथे तेच राक्षसी प्रमाणात झालं. विहार तलावाच्या परिसरात तर सांताक्रूझपेक्षाही जास्त पडला, हजाराच्या वर.

‘कुलाब्यात मुद्दाम कमी दाखवतात’ म्हणणाऱ्यांनी ५ जुलै १९७४ ची नोंद बघावी. कुलाब्यात २४ तासांत ५७५.६ मिलिमीटर.

९४४ या आकड्याचा अर्थ थोडा डोळ्यांसमोर आणा. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या पर्जन्यमापकात एवढा पाऊस म्हणजे जवळजवळ १९ लिटर पाणी, बादली भरून वाहील इतकं. बाटलीत मावायचा प्रश्नच नाही. अशा वेळी निरीक्षकाला पावसात भिजत, मधून मधून बाटली रिकामी करत, प्रत्येक मापाची बेरीज करत बसावं लागतं. विसरला तर बाटली ओतू जाते आणि आकडा कमी येतो. अतिवृष्टीच्या नोंदीत चूक झालीच तर ती बहुधा कमीच्या बाजूला होते, हे मला प्रत्यक्ष हाताने पाणी मोजल्यावर कळलं. ‘फुगवून सांगितलं’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

राहिली तारीख. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आधीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जे साठलं, ते मोजतो आज, म्हणून लिहितो आजच्या तारखेला. २६ जुलैच्या दुपारी-संध्याकाळी पडलेलं पाणी २७ च्या सकाळी मोजलं गेलं, म्हणून वहीत २७. लोकांच्या आठवणीत २६ जुलै, वहीत २७, दोन्ही बरोबर. जुन्या वर्तमानपत्रांतले आकडे वहीशी ताडून बघणाऱ्या हौशी मंडळींची इथे नेहमी गफलत होते. माझीही झाली होती, कबूल करतो. एका वर्षाचा अख्खा जुलै मी एक दिवस पुढे सरकवून ठेवला होता.

“यंत्रं बदलली, जागा बदलल्या, एककं बदलली”

मेसेजमधला हा एकच मुद्दा वजनदार आहे. बदललंय खरंच, आणि बरंच. आपल्याकडे पूर्वी तापमापक गवती छपराच्या शेडखाली टांगत. झडपांची पेटी नंतर आली. पाऱ्याची जागा आता विजेवर चालणारे संवेदक घेत आहेत, पारा विषारी म्हणून जगभरच हद्दपार होतोय. घड्याळसुद्धा बदललं. मुंबईची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि ती शहरात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. जुन्या वहीतले ‘सकाळचे आठ’ कुणाचे आठ, हे आधी विचारावं लागतं.

प्रश्न असा की बदल झाला तेव्हा लोकांनी काय केलं. सगळ्यात छान उदाहरण पुन्हा कुलाब्याचंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. विजेचे प्रवाह जमिनीतून पळू लागले की चुंबकसूची नाचणार, साठेक वर्षांची नोंदमालिका नासणार. ट्राम १९०७ मध्ये धावल्या. पण वेधशाळेने त्याआधीच समुद्रापलीकडे अलिबागला, चुंबकीय गुण नसलेला दगड निवडून, लोखंड टाळून, नवी वास्तू उभी केली. आणि मग लगेच कुलाबा बंद केलं का? नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली. कुलाब्याला अमुक असेल तेव्हा अलिबागला किती असतं, हा फरक त्यातून पक्का झाला. आणि मगच जुनी मालिका नवीला सांधली. मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या वर्षांच्या चुंबकीय नोंदी पुढे छापूनही काढल्या. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. तिकडे वरसोलीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या पुणे-मुंबईच्या मंडळींपैकी किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं, हाच नियम तापमापकालाही. किमान वर्षभर, जमल्यास दोन. जिथे तसं झालं नाही तिथे शेजाऱ्यांची साक्ष काढतात. समजा चार गावांतली केंद्रं वर्षानुवर्षं एकमेकांपासून ठरावीक फरकाने चालतात आणि एका वर्षापासून त्यातलं एकच अर्ध्या अंशाने वर सरकतं. तापलं असतं तर चारही गावं तापली असती. एकच सरकलं म्हणजे तिथे काहीतरी घडलंय: पेटी हलली, शेजारी स्लॅब पडला, तापमापक फुटून दुसरा आला. मग वहीतला शेरा शोधायचा. बहुतेक वेळा सापडतो. नाही सापडला तर त्या केंद्राची मालिका तिथून तुटलेली समजायची, उगाच जोडायची नाही.

आता फॅरनहाइट. मेसेजमध्ये हे एखादं कारस्थान असल्यासारखं लिहिलंय, पण हा तर माझा आवडता खेळ आहे. पुण्याचा ३० एप्रिल १८९७ चा उच्चांक ४३.३ अंश. हे ‘.३’ कुठून आलं? गुणाकार उलटा करा: ११० फॅरनहाइट. पुण्याचा १७ जानेवारी १९३५ चा नीचांक १.७, म्हणजे ३५ फॅरनहाइट. सांताक्रूझचे १९५२ चे ४२.२ म्हणजे १०८. आकड्याच्या शेपटीवरून त्याची जात ओळखता येते. पावसातही तसंच. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’ मोजतात. हा अडीचचा विचित्र आकडा म्हणजे जुन्या इंचाचा दहावा भाग, दहा सेंट. गावाकडची जुनी माणसं अजून ‘वीस सेंट पाऊस झाला’ म्हणतात ते हेच सेंट. एकक बदललं तरी माप हरवलं नाही. शंभराची नोट मोडून सुटे घेतले म्हणून पैसे खोटे होत नाहीत.

आणि जुना विक्रम चुकीचा ठरला तर? तो काढून टाकतात, उघडपणे. लिबियातल्या अल अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ अंश नोंदले गेले, जगातला उच्चांक म्हणून नव्वद वर्षं पाठ्यपुस्तकांत मिरवले. जागतिक हवामान संघटनेच्या समितीने मूळ नोंदपत्रक शोधून काढलं, त्यावरचं हस्ताक्षर, रकाने, आजूबाजूच्या केंद्रांचे आकडे तपासले. निरीक्षक नवखा होता आणि तापमापकातल्या दर्शक कांडीचं बहुधा चुकीचं टोक वाचत होता. २०१२ मध्ये विक्रम रद्द झाला. हे शक्य झालं कारण नव्वद वर्षांपूर्वीचा कागद कुणीतरी टाकून दिला नव्हता.

“सरासरी गुपचूप खाली आणली”

गुपचूप नव्हे, एप्रिल २०२२ मध्ये मोसमी पावसाच्या अंदाजाबरोबर जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापूनही आली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची दीर्घकालीन सरासरी १९६१ ते २०१० या वर्षांवरून ८८०.६ मिलिमीटर होती. १९७१ ते २०२० वरून ती ८६८.६ झाली. बारा मिलिमीटर, दीड टक्क्यापेक्षाही कमी. दर दहा वर्षांनी मागची दहा सोडून पुढची दहा घ्यायची, ही जगभरची रीत. ‘सरासरीइतका’ पाऊस म्हणजे सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. समजा एखाद्या वर्षी ८७० मिलिमीटर झाला. जुन्या सरासरीने तो ९८.८ टक्के, नवीने १००.२. दोन्हीकडे शिक्का एकच. अगदी सीमेवरच्या वर्षांत शिक्का बदलू शकेल, पण मिलिमीटर तेच राहतात आणि ज्याला जुनी सरासरी वापरायची त्याला आकडे उपलब्ध आहेत.

खरं तर सरासरी बदलली नसती तर ओरडायला जागा होती. मोसमी पावसाच्या आगमनाच्या तारखाच बघा. १९०१ ते १९४० या काळावरून ठरलेल्या तारखा २०२० पर्यंत चालल्या. मग मुंबईचं आगमन १० जूनवरून ११ जून झालं, किरकोळ. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबर. दसऱ्याच्या आसपास भिजणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी सांगायला नको होतं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात, आणि कॅलेंडर म्हणतंय पावसाळा संपला! तारखा उशिरा बदलल्या, अशी तक्रार मी करीन.

“उपग्रह आहेत, पेट्या मोडीत काढा”

पहिला हवामान उपग्रह एप्रिल १९६० मध्ये गेला. त्याआधीच्या सव्वाशे वर्षांसाठी तो काय करणार? आणि आजही उपग्रह हवेचं तापमान थेट मोजत नाही. खालून येणारं प्रारण, म्हणजे रेडिएशन, मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. तो बरोबर आला का, हे बघायला जमिनीवरची पेटीच लागते.

मेसेज लिहिणाऱ्याला खातं अडचणीत आणायचंच असेल तर विचारण्यासारखं भरपूर आहे. तुमच्या तालुक्याचं केंद्र उघड्यावर होतं, आता त्याच्या दहा मीटरवर दोन मजली इमारत आहे का? पर्जन्यमापकावर आंब्याची फांदी आली आहे का? महसूल मंडळातलं स्वयंचलित केंद्र पीक विम्याचा निकाल लावतं; त्याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? निरीक्षकाची जागा किती महिने रिकामी होती, आणि त्या महिन्यांच्या रकान्यात रिकामी जागा सोडली आहे की कुणी आकडे भरले आहेत? हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्ज एका पानाचा असतो. अर्जात ‘शेऱ्याच्या रकान्यासह’ असं जरूर लिहा, नाहीतर नुसते आकडे हातात पडतील.